चालण्याच्या स्पर्धेतलं पहिलं बक्षीस

ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याच्या नावापुढे वर्षानुवर्षं ‘फिट’ असं लिहिलं जात असेल, तर खोटं नेमकं कोण बोलत असतं? डॉक्टर, तो माणूस, की त्याला सकाळी डबा भरून देणारं घर?

हा प्रश्न मी सभेसाठी घडवलेला नाही. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो माझ्या जन्माआधीपासून राहत होता. बाबा चाकणजवळच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगच्या खरखरीत कडा हातातल्या ग्राइंडरने घासायच्या, हे त्यांचं काम. ग्राइंडर दिवसभर थरथरायचा आणि त्याच्याबरोबर बाबांचे हातही. शर्टाची बटणं आई लावायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत नवऱ्याच्या शर्टाची बटणं बायको लावते. प्रेमाची काहीतरी रीत असावी.

थंडीतल्या सकाळी बाबा गॅलरीत पाटावर बसायचे आणि कोमट पाण्याच्या बादलीत दोन्ही हात सोडायचे. पवना नदीवरून धुकं आलेलं असायचं, त्यात बादलीची वाफ मिसळायची, आणि अर्धवट झोपेत मला दिसायचं की बाबा ढगात हात घालून बसलेत. पाण्याखालची त्यांची बोटं मेणबत्त्यांसारखी पांढरी दिसायची. हळूहळू ती निळसर व्हायची, मग लाल. लाल झाली की बाबा तोंड वाकडं करून हसायचे. तेव्हा बोटांत ठणका लागायचा हे मला फार पुढे कळलं. तोवर मला ती जादूच वाटत होती.

त्याच गॅलरीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा युनियनचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावर छापलेली पत्रकं घडी घालून गेटवर वाटायला न्यायची असत, आणि घड्या घालायचं काम माझं. मी वाचायला शिकले तीच ‘कामगार बंधूंनो’पासून. पगारवाढ, बोनस, कँटीनचं जेवण, कंत्राटी पोरांना कायम करा. या मागण्या मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते कागदाच्या घडीतून बोटांत उतरलं. आजही कुठे खोटं दिसलं की माझ्या हातांना आधी कागद लागतो.

दादा माझ्याहून मोठा. त्याने कंत्राटी कामगार म्हणून चाकणच्या दोन-तीन कंपन्या बघितल्या आणि मग एक दिवस म्हणाला, “मी जहाजावर जातो.” आमचं मूळ गाव कोकणात, खाडीकाठी. तिकडच्या घरांत एखादा तरी माणूस दर्यावर असतोच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. खलाशाचा कोर्स झाला, तपासणी झाली, आणि दादा मालवाहू जहाजाच्या डेकवर कामाला लागला.

तो गेला की घर जरा तरंगायला लागायचं. मी कामाला जाताना चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरची रांग तासन्‌तास खोळंबलेली असते. दुपारच्या उन्हात बसच्या खिडकीला डोकं टेकलं की मला त्या रांगेचं जहाज होताना दिसायचं. लाल, निळे, हिरवे कंटेनर एकमेकांवर चढायचे, डांबर हलायला लागायचं, लाटांसारखं चमकायचं, आणि सगळ्यात वरच्या कंटेनरवर दादा उभा राहून मला हात करायचा. मग कंडक्टर ओरडायचा आणि समुद्र पुन्हा रस्ता व्हायचा.

मागच्या थंडीत दादा घरी आला तो एक बक्षीस घेऊन. स्टीलची गरम-थंड राहणारी बाटली, तिच्यावर निळ्या अक्षरांत कंपनीचं घोषवाक्य: निरोगी खलाशी, सुरक्षित जहाज. जहाजावर चालण्याची स्पर्धा होती आणि त्यात त्याचा पहिला नंबर आला होता.

“तू?” मी म्हटलं. “कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गाडी काढणारा तू?”

“ऐक तर पुढारीणबाई,” दादा म्हणाला. तो मला कायम पुढारीणबाई म्हणतो.

आम्ही सगळे गच्चीवर उन्हात बसलो होतो. आई मटार घेऊन आली होती. दादा सांगत होता आणि मला त्याच्या आवाजामागे पाणी ऐकू येत होतं.

कंपनीने खलाशांच्या आरोग्यासाठी कार्यक्रम काढला होता. जेवणघरात हसऱ्या खलाशाचं पोस्टर लागलं. आठवड्यातून एकदा लांब श्वास घ्यायचा व्हिडिओ दाखवायचे. आणि प्रत्येकाच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा. जो जास्त चालेल त्याला बक्षीस. दादाचं काम मात्र चालण्याचं नव्हतंच. जहाज सतत गंजतं. तो गंज खरवडायला हवेच्या दाबावर चालणारं एक यंत्र असतं, त्याच्या तोंडाला जाड सुयांचा झुपका. सुया लोखंडावर आपटत राहतात आणि गंज पापुद्र्यांनी उडतो. खलाशी त्याला निडल गन म्हणतात. ते धरून दादा दिवसभर एका जागी उकिडवा बसलेला असायचा.

“आणि तो येडा पट्टा,” दादा हसत म्हणाला, “निडल गनचा प्रत्येक ठोका पाऊल म्हणून मोजायचा. मी बसलोय एका कोपऱ्यात, आणि तिकडे यादीत मी सगळ्यांच्या पुढे पळतोय. कुक दिवसभर किचनमध्ये उभा, तो म्हणतो, भावा, तू काय पाण्यावरून चालतोस काय?”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “म्हणजे मी फेटलिंगला पट्टा लावला असता तर दिल्लीला पोचलो असतो की रे!”

“परत पण आला असतात,” दादा म्हणाला.

मीही हसले. पण हसताना माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहिलं, ते अजून जात नाही. धुरकट सकाळी एक माणूस समुद्राच्या मधोमध बसलाय, त्याचे हात थरथरतायत, आणि कुठेतरी दूर एका ऑफिसातल्या यादीत तो हिरव्या रानातून चालत चाललाय, सगळ्यांच्या पुढे, खूप निरोगी.

“मग पकडलं नाही कुणी?” मी विचारलं.

“कॅप्टनने बोलावलं,” दादा म्हणाला. “म्हटलं, गेलं बक्षीस. चोरी पकडली. तो नुसता यादीकडे बघत होता. मला म्हणाला, या जहाजावर इतकं चालायला जागाच नाही. हे कुठून आलं? मी खरं सांगितलं. म्हटलं, सर, मी फसवत नाही, गन फसवते. मला वाटलं हसेल. तो हसलाच नाही. म्हणाला, ग्लोव्ह काढ. हात दाखव.”

एवढं बोलून दादा थांबला. गोष्ट तिथेच संपली असती, तर आम्ही सगळे हसत खाली गेलो असतो. पण आईची नजर ताटाकडे होती. आमच्या चौघांच्या पुढे मटाराचे चार ढीग होते. माझा आणि आईचा मोठा. बाबांचा आणि दादाचा छोटा. बाबा शेंग दातांनी फोडून मग दाणे बाहेर काढतात, त्यांची ती जुनी पद्धत. आणि दादाही शेंग दातांनी फोडत होता.

आईने दादाच्या पुढच्या शेंगा ओढून आपल्याकडे घेतली.

खालून घरमालक मामा वर आले. काळेवाडीतलं जुनं शेतकरी घर त्यांचं. जमिनी गेल्या, चाळी उभ्या राहिल्या, पण बोलणं तेच राहिलं. “काय दर्यावर्दी, कवा निघायचं परत?”

“बघू, मामा.”

“बघू काय? लय सुट्टी झाली. मानूस बसला की गंजतो.”

दादा हसला आणि हात खिशात घातले.

नंतर मी त्याच्या मागे लागले तेव्हा उरलेली गोष्ट कळली. उत्तरेकडच्या थंड समुद्रात त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली होती. आधी एक, मग तीन. सकाळी दोरी हातात धरली की दोरी आहे हे बघून कळायचं, लागून कळायचं नाही. कॅप्टनने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून निडल गनची पाळी लावली. एकाच माणसाने दिवसभर धरायची नाही. थोडा वेळ गन, मग रंगकाम, मग दुसरं काही. थंडीत हात ऊबदार ठेवायला चांगले ग्लोव्ह मागवले. आणि आठवड्याच्या श्वासाच्या व्हिडिओनंतर तो टीव्ही बंद करून विचारायचा, “या आठवड्यात कोणत्या कामाने अंग दुखलं?” पहिल्यांदा सगळे गप्प. दुसऱ्यांदा कुकने सांगितलं की भांडं ठेवायची फळी इतकी उंच आहे की त्याचा खांदा धरतो. दुसऱ्या दिवशी फळी खाली आली. मग लोक बोलायला लागले.

“घरी गेलास की डॉक्टरला दाखव,” निघताना ती बक्षिसाची बाटली त्याच्या हातात ठेवत कॅप्टन म्हणाला होता. “मी कंपनीला कळवतो.”

इथे मला माझं मत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कामाच्या जागेवर आरोग्याच्या नावाने जे चालतं, त्यातल्या पुष्कळशा गोष्टी म्हणजे गंजावर मारलेला रंग आहे. चाकणमध्येही मी बघते. सकाळी कवायत, भिंतीवर सफरचंदाचं चित्र, योगदिनाला टी-शर्ट, आणि मशीन तेच, स्पीड तोच, ओव्हरटाइम तोच. सगळे पट्टे माणसाच्या मनगटाला, कामाच्या मनगटाला एकही नाही. माणूस सुधारा म्हणतात. काम सुधारायचं नाव नाही. पण मी अप्रामाणिक होणार नाही. दादाच्या जहाजावर त्याच फालतू पट्ट्याने त्याचा हात वाचवला, कारण आकडा बघून एका माणसाला शंका आली आणि त्याने ग्लोव्ह काढायला लावलं. कार्यक्रम वाईट नसतो. कार्यक्रमात कुणीतरी बघणारं लागतं. आणि बघितल्यावर काम बदलावं लागतं.

दादाला पुढच्या जहाजाचा निरोप आला. त्याआधी नेहमीची वैद्यकीय तपासणी. ती पास झाली तर जहाज, नाही तर घर. तिसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, “दवाखान्यात एसी असतो. थंडीत हात पांढरे पडले तर?”

बाबांनी भाकरी मोडली. दोन्ही तळव्यांत धरून मोडतात ते. मग अगदी सहज, एखादा शॉर्टकट सांगावा तसं म्हणाले, “कोमट पाणी ने बरोबर. आत जायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन हात बुडवून ठेव. लाल झाले की पुसून जा. अर्धा तास टिकतं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आमचं अख्खं डिपार्टमेंट तसंच पास व्हायचं. तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात पाण्याची एक बाटली जास्त. फेटलिंगचा एक माणूस कधी नापास नाही झाला.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मला ती सगळी माणसं दिसली, ओळीने उभी, सगळ्यांचे हात बाटल्यांत बुडवलेले, सगळे गुलाबी, सगळे फिट. आणि वर्षं सरतात तशी एकेकाची बोटं पाण्यात विरघळत जातात.

“म्हणून तुम्हाला काही मिळालं नाही,” मी म्हटलं. “हातातून ग्राइंडर सुटायला लागला तेव्हा तुम्हाला गेटवर वॉचमन केलं, पगार कमी केला, आणि नुकसानभरपाई मागायला गेलात तर कागद काय बोलले? फिट. सगळी वर्षं फिट!”

“बाय, हळू बोल.”

“मी लहानपणापासून तुमची पत्रकं घडी करतेय, बाबा. कँटीनची डाळ पातळ आहे, यावर पत्रक आहे. बोटांवर एक ओळ नाही. एकाही पत्रकात नाही.”

“कोण लिहिणार?” बाबांचा आवाज चढला. “लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खं डिपार्टमेंट गेटाबाहेर. युनियनला तरी कुणी सांगितलं होतं? मी स्वतः कमिटीवर होतो, मीच नाही सांगितलं. पत्रक लिहायला बोटं लागत नाहीत ग. घर चालवायला लागतात.”

“म्हणून तर वाचवायची ना!”

“पुरे,” दादा म्हणाला. “माझ्या बोटांवरनं तुम्ही दोघं मोर्चे काढू नका. मी पाणी नेतो.”

आई भात वाढत होती. तिला कुणी काहीच विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी पहाट धुक्याची होती. मी दादाबरोबर जाणार होते. बाबांनी स्वतः पाणी गरम करून त्या बक्षिसाच्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट बसलंय ना ते दादाला फिरवून बघायला लावलं, आणि कामावर निघून गेले. निगडीला आम्हाला नवी मुंबईची बस मिळाली. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. बस त्यात शिरली की काचेपलीकडे काहीच उरायचं नाही, नुसतं पांढरं, आणि मला वाटायचं आपण समुद्राच्या तळाशी बसून चाललोय, वर कुठेतरी दादाचं जहाज थांबलंय. दादा बाटली मांडीवर धरून झोपला होता. झोपेतही त्याचे हात काखेत होते.

दवाखान्यात जहाजावर जाणाऱ्यांची गर्दी. जो तो तपासणीला आलेला, आणि जो तो काहीतरी लपवायला शिकून आलेला. एक जण बीपी वाढू नये म्हणून डोळे मिटून बसला होता. त्याच्या शेजारचा त्याला छळत होता.

“काय राव, बायकोचा फोटो काढलास का मनातून? ती दिसली की वाढतंय तुझं.”

“गप रे. मोजताना बोललं तर जास्त येतं.”

“अजून मोजायला कुठे घेतलंय! बाहेर बसून वाढवतोयस.”

सगळे हसले. हसणारी माणसं तरुण होती, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एखादी जखमी पलटण मजेत सुट्टीवर निघावी तशी ती खोली होती.

दादाचा नंबर जवळ आला. एसीच्या खाली बसून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडायला लागली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, बाटली उचलली, बाथरूमकडे निघाला, आणि दाराशी पोचायच्या आत त्याने झाकण फिरवलं. आल्याचा आणि गवती चहाचा वास अख्ख्या खोलीत पसरला.

बाटलीत चहा होता.

दादा दारातच उभा राहिला. मग परत आला. “तू केलंस हे?”

“मी नाही.”

दोघांनाही एकदमच कळलं. पहाटे बाबा निघून गेल्यावर आई स्वयंपाकघरात उगाच खुडबुड करत होती. मी म्हटलंही होतं, आई, झोप ना जरा. ती म्हणाली होती, प्रवासाला निघालेल्या माणसाला पाणी काय द्यायचं?

“काय भावा, एकटाच पिणार?” बीपीवाल्याला छळणारा म्हणाला. कुठून तरी कागदी कप आले. दादाने सगळ्यांना थोडा थोडा चहा ओतला. ज्याचे डोळे मिटले होते त्यानेही उघडले. शेवटचा कप दादाने स्वतःसाठी ठेवला. दोन्ही हातांनी तो धरून बसला. कप गरम होता. पांढऱ्या बोटांत हळूहळू रंग उतरायला लागला, लहानपणी बादलीत बघितला होता तसाच, आधी निळसर, मग लाल. तपासणीत लपवायला तेवढं पुरलं असतं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी गप्प बसले, कारण हात त्याचे होते.

आतून नंबर पुकारला. दादाने एकही घोट न घेता कप माझ्या हातात दिला आणि आत गेला. मी घड्याळ बघितलं नाही. चहाही प्यायले नाही. तो माझ्या हातात निवत गेला.

आत काय झालं ते दादाने परतीच्या बसमध्ये सांगितलं. डॉक्टरबाई कॉम्प्युटरकडे बघत एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. चक्कर? नाही. फिट येते? नाही. मुंग्या, बधिरपणा? दादा म्हणाला, हो. त्यांचं बोट बटणावर तसंच राहिलं आणि त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. मग हात टेबलावर ठेवायला लावले. नखं दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. डोळे मिटायला सांगून टाचणीने टोचलं आणि विचारलं, एक की दोन? दादाला सांगता येईना.

“मशीन कोणतं धरतोस?” त्यांनी विचारलं.

दादाने सगळं सांगितलं. गन, थंडी, पट्टा, स्पर्धा. पट्ट्याचं ऐकून त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, लवकर आलास. हे असंच चालू राहिलं असतं तर बधिर झालेली बोटं पुन्हा पहिल्यासारखी होतील असं मी सांगू शकले नसते. आता थांबलास तर सुधारण्याची आशा आहे. त्यांनी तज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली, तात्पुरता अनफिट असा शेरा मारला, आणि परत जाशील तेव्हा थरथरणारं मशीन धरायचं नाही अशी अट लिहू म्हणाल्या.

“मग माझं जहाज?” दादाने विचारलं होतं.

त्यावर त्यांनी फक्त शिक्का मारला.

हे सांगताना दादा खिडकीबाहेर बघत होता. घाटातलं धुकं आता उडालं होतं आणि डोंगर उघडे पडले होते. “कंपनी घेईल परत, असं मला काही वाटत नाही,” तो म्हणाला. “बाबा काय म्हणतील?”

मी त्याच्या मांडीवरची रिकामी बाटली उचलून माझ्या पिशवीत ठेवली.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. अंगात वॉचमनचा शर्ट, बटणं अजून लावलेलीच, कारण ती काढून देणारी आई खाली नळावर गेली होती. आम्ही चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, “काय झालं?”

दादा म्हणाला, “थांबायला सांगितलंय.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, रिक्षा जात होत्या, सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि आमची गॅलरी त्यातून सुटून वर वर चालल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, आता बाटलीचं विचारतील. ते पुढे आले. दादाचा उजवा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना त्या हाताचा थंडपणा कळत होता की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या बोटांना आता फारसं काही कळत नाही. तरी धरून ठेवला.

“मग थांब,” बाबा म्हणाले. “होईल काहीतरी. थांब.”

मी आयुष्यभर ज्या मागण्यांची घडी घातली, त्यात याहून मोठं वाक्य मी वाचलेलं नाही. बाबांना हे वाक्य त्यांच्या तरुणपणी कुणी म्हटलं नव्हतं. घराने नाही, युनियनने नाही, कंपनीने तर नाहीच.

पुढचे महिने सोपे नव्हते. घरमालक मामांनी विचारणं सोडलं नाही. दादा एका ओळखीच्या दुकानात बसायला लागला, हातांची काळजी घेत, तज्ज्ञांनी सांगितलेलं करत. कॅप्टनने खरोखर कळवलं होतं. पावसाळा सरता सरता कंपनीच्या ऑफिसातून फोन आला की अटीसह प्रमाणपत्र मिळालं तर वॉचच्या कामावर घेऊ, म्हणजे जहाजाच्या सुकाणूच्या उंच खोलीत उभं राहून समोर नजर ठेवायची, सुकाणू सांभाळायचं, गंजाच्या वाटेला जायचं नाही. फेरतपासणीत टाचणीचं एक आणि दोन त्याला बऱ्यापैकी सांगता आलं. पूर्ण नाही. एका बोटाचं टोक अजून झोपलेलंच आहे, ते कदाचित तसंच राहील. पण परवा तो जहाजावर गेला. आता दुपारी बसमध्ये डोळा लागला की मला तो उंच काचेमागे उभा दिसतो, समोर नुसतं पाणी, आणि त्याचे हात स्थिर.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातलं कुणी थरथरणारं मशीन धरत असेल, जहाजावर, फाउंड्रीत, रस्ता फोडायच्या कामावर, आणि त्याची तपासणी जवळ आली असेल, तर डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी त्याला जवळ बसवा आणि स्पष्ट शब्दांत सांगा की खरं सांग, थांबायची वेळ आली तर आपण मिळून भागवू. तो घाबरतो डॉक्टरला नाही. तो घाबरतो आपल्याला. हे सांगायला पत्रक लागत नाही, मोर्चा लागत नाही. आज जेवायला बसाल तेव्हा सांगा.